ढेपीच्या पेटीचं जड झाकण : गॅस स्प्रिंग किती न्यूटनचे अन् कुठं बसवायचे?

सरकी_ढेप

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. घरी दोन गाई अन् एक म्हैस आहे. गोठ्याच्या पडवीत सरकी ढेप अन् चुरी ठेवाले लोखंडी पेटी बनवून घेतली. १२० सेंमी लांब, ७० सेंमी रुंद, कमरेइतकी उंच. झाकण वरून उघडते, बिजागऱ्या मागच्या बाजूनं भिंतीकडे. झाकण मुद्दाम भारी केलं कारण उंदीर तर आहेतच पण आमच्याकडे वानरांचा लय त्रास, साधं पत्र्याचं झाकण ते सरळ उचलून फेकतात. म्हणून २ मिमीचा पत्रा, खालून २५ बाय २५ चौकोनी पाईपची फ्रेम, अन् आतून ६ मिमी प्लाय मारला, पत्रा उन्हानं तापला की आत दमटपणा धरते अन् ढेपीले बुरशी लागते, ते होऊ नये म्हणून.

पेटी एकदम झकास झाली पण आता झाकण मायले उचलत नाही. सकाळ-संध्याकाळ ढेप तीच काढते. एका हातानं झाकण उचलून डोक्यानं तोलून धरते अन् दुसऱ्या हातानं टोपल्यात ढेप भरते. मी पाह्यलं तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. एखाद्या दिवशी हात सुटला तर मनगटावर नाहीतर मानेवर पडन.

तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याले विचारलं तर तो म्हणे किचनच्या कपाटाची १०० न्यूटनची गॅस स्प्रिंगची जोडी (आतल्या दाबाच्या गॅसनं झाकण वर ढकलणारी नळी-दांडी) घेऊन जा. गावचा वेल्डर म्हणे डिक्कीचे जुने शॉकअप भंगारातून आणू, फुकटात काम होते. दोघांनीही झाकणाचं वजन विचारलं नाही. मले नेमकं हे समजून घ्यायचंय की न्यूटनचा आकडा ठरवायचा कसा, अन् बसवायची जागा कोणती. पैसे एकदाच घालवायचे आहेत.

वणीचा_वेल्डर

भाऊ, पयले झाकनाचं वजन काढ, मंग बाकीचं. झाकन सोडून काट्यावर न्यायची गरज नाही. घरी कापूस मोजाचा ताणकाटा असनच. झाकन बंद ठेव, पुढच्या काठाले मधोमध दोरी बांध अन् काट्यानं वर ओढ. झाकन बोटभर उचललं की काटा किती दाखवते थे वाच. तेवढा एक आकडा इथं टाक. अन् बिजागरीपासून त्या दोरीपर्यंत किती सेंटीमीटर तेही टाक.

डिक्कीच्या शॉकअपचं म्हनशील तर मी कोनालेच बसवून देत नाही. भंगारात आलेला शॉकअप निम्मा बसलेला असते, दोन शॉकअप दोन गाड्याइचे असले तर झाकन तिरपं उचलते अन् बिजागरी वाकते. त्याच्यावरचा नंबर घासून गेला असन तर जोर किती हे सांगाचं कोनी?

सरकी_ढेप

आत्ताच मोजलं. काटा १२ किलो दाखवते, अंतर ७० सेंमी.

अकोल्याचा_चाकणात

सरकी_ढेप भाऊ, वेल्डरभाऊंनी सांगितलेला ताणकाटा हीच खरी पद्धत, कारण आपल्याला वजनापेक्षा बिजागरीभोवती झाकण किती ताकदीनं खाली फिरतंय ते हवं असतं. १२ गुणिले ७० म्हणजे ८४० किलो-सेंटीमीटर. पुढच्या काठाला १२ भरलं म्हणजे पूर्ण झाकण २४ च्या आसपास, कारण अर्धा भार बिजागऱ्या घेतात. पण २४ विसरा, ८४० लक्षात ठेवा.

आता किचनवाला १०० न्यूटनचा का चालणार नाही ते बघा. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचा जोर (९.८१ न्यूटनला १ किलो). पण तो जोर बिजागरीपासून किती लांबून लागतो त्यावर सगळं अवलंबून आहे. किचनचा गॅस स्प्रिंग छोटा असतो, दांडी ९-१० सेंमीच आत-बाहेर होते, त्यामुळे तो बिजागरीच्या जवळच बसवावा लागतो. समजा बिजागरीपासून त्याच्या रेषेचं काटकोनातलं अंतर ८ सेंमी आलं. ८४० भागिले ८ म्हणजे १०५ किलो, दोघांत वाटले तर एकेकाला ५२ किलो, म्हणजे ५०० न्यूटनच्या वर. तुमच्याकडे १०० चे आहेत. म्हणजे पाचवा हिस्सा. अन् ५०० चे आणून तिथंच ठोकले तर ते बिजागरी अन् पत्रा दोन्ही फाडतील.

तेच अंतर २० सेंमी केलं तर एकेकाला २१ किलो लागतात. म्हणजे २०० न्यूटन. झाकण तेच, माणूस तोच, फक्त ब्रॅकेट सरकला. म्हणून न्यूटन आधी ठरवून दुकानात जायचंच नाही. आधी जागा, मग लांबी, मग न्यूटन.

मी तुमच्या पेटीचं चित्र काढून बघितलं. बिजागरीच्या खिळ्याचा मध्य शून्य धरा. झाकणावरचा ब्रॅकेट पुढे २५ सेंमी अन् खाली ३ सेंमी. पेटीच्या बाजूवरचा ब्रॅकेट पुढे ६ सेंमी अन् खाली २४ सेंमी. झाकण बंद असताना दोन्ही बॉलमधलं (ब्रॅकेटवरचा गोळा, ज्यावर स्प्रिंगचं टोक बसतं) अंतर २८.३ सेंमी येतं, झाकण ८० अंश उघडलं की ४८ सेंमी. म्हणजे दांडी जवळपास २० सेंमी सरकते. हे किचनच्या मालात मिळणार नाही, ८ मिमी दांडी अन् १८ मिमी नळीवाला साईज बघा, तो २०० न्यूटनला आरामात पुरतो.

बंद असताना काटकोनातलं अंतर २०.६ सेंमी, ४५ अंशाला १३.६, अन् ८० अंशाला साडेसहाच्या थोडं वर. अंतर कमी होत जातं पण झाकण उभं होत गेलं की त्याचा भारही कमी होतो, त्यामुळे सुरुवातीपासून ४५ अंशापर्यंत एका स्प्रिंगला लागणारा जोर २० ते २२ किलोतच राहतो. ही जागा निवडण्याचं कारण तेच.

पऱ्हाटी

अकोलेकर दादा, मी पन वाचून रायलो. एक शंका. जोर पूर्न उघडल्यावर अन् पूर्न दाबल्यावर सारखाच असते का? अन् आत नेमका गॅस कोनता, सिलिंडरवाला तर नाही ना, आमच्या घरचे घाबरून रायले.

अकोल्याचा_चाकणात

नाही, स्वैपाकाचा गॅस नाही. आत नायट्रोजन असतो, पेट घेत नाही. सोबत थोडं तेल. पण दाब भरपूर असतो, म्हणून घाबरायचं ते दाबाला. ८ मिमी दांडीचा १५० न्यूटनचा स्प्रिंग घेतला तरी आत ४०० पीएसआयच्या वर दाब निघतो, कारच्या टायरात आपण ३०-३५ भरतो. म्हणून जुना स्प्रिंग कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, आगटीत टाकायचा नाही. पोरांच्या हाती तर अजिबात नको.

जोर सारखा नसतो. आतल्या दट्ट्याला बारीक भोक असतं, गॅस दोन्हीकडे असतो, दट्टा दोन्हीकडून सारखाच ढकलला जातो. बाहेर जोर येतो तो फक्त दांडीच्या जाडीमुळे. दांडी आत गेली की गॅसची जागा कमी होते अन् दाब वाढतो. पूर्ण दाबल्यावर जोर साधारण सव्वापट होतो, काही मालात त्याहून जास्त. नळीवर छापलेला आकडा दांडी बाहेर असतानाचा, तोही २० अंश तापमानाला. म्हणजे २०० वाला बंद झाकणात २५० च्या आसपास ढकलेल.

तुमच्या झाकणाला ते कसं पडेल बघा. २०० ची जोडी, बंद झाकण : वर ढकलणारं १०५०, खाली दाबणारं ८४०. म्हणजे कडी काढली की झाकण स्वतःहून हळूच उठेल, अन् बंद करताना शेवटी काठावर ३ किलो दाबावं लागेल. मधल्या पट्ट्यात, ४५ अंशाच्या आसपास, ते जवळजवळ तोललेलं राहील, सोडलं तिथं थांबेल. १५० ची जोडी घेतली तर झाकण आपल्या वजनानं बंद राहील, उचलायला मात्र २ किलोच्या आसपास जोर द्यावा लागेल, अन् पार उभं केल्याशिवाय ते वर थांबणार नाही. दुकानदार हौसेनं ४०० ची देईल. ती घेतली तर बंद करायला १८ किलो दाबावे लागतील, म्हणजे आईचा त्रास उचलण्याऐवजी दाबण्यात गेला एवढंच.

वानरांसाठी तुमच्या पेटीला कडी असणारच. तेव्हा माझं मत २०० ची जोडी.

चांद्याचं_ऊन

या २० अंशाच्या गोष्टीवर मी जोर देऊन सांगतो. आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५-४६ सहज जाते अन् जानेवारीत पहाटे १० च्या खाली. माझ्या दुकानाच्या काउंटरले वर उघडणारी फळी आहे, तिचे स्प्रिंग जानेवारीत घेतले अन् तेव्हा अगदी बरोबर चालत होते. मे मध्ये फळी हातातून सुटून वर जाऊ लागली. तुम्ही लोक पुण्या-मुंबईचे आकडे लावू नका, आपल्या उन्हाचा हिशोब धरा.

अकोल्याचा_चाकणात

एकदम बरोबर. १ अंशाला साधारण ०.३४ टक्के धरा. १० वरून ४५ वर गेलं की १२ टक्के फरक. २०० चा मे महिन्यात २१७, थंडीत १९३. सरकी_ढेप भाऊंच्या पेटीत मे मध्ये बंद करताना ३ ऐवजी सव्वाचार किलो दाबावं लागेल, थंडीत मधल्या पट्ट्यात हाताचा थोडा आधार लागेल. दोन्ही चालण्यासारखं आहे. पण थेट उन्हात पत्र्याला चिकटून नळी असेल तर ती ६० च्याही वर तापते, म्हणून पेटी पडवीत आहे हे चांगलंच.

गुरुजी_रिटायर्ड

एवढा खटाटोप कशासाठी? झाकण मधोमध कापा, दोन झाकणं करा. प्रत्येकी १२ किलो, पुढच्या काठाला ६ किलो. एका वेळी एकच उघडायचं. स्प्रिंग नको, खर्च नको, बिघाड नको. आमच्या आजोबांच्या काळातल्या लाकडी कोठीला असंच होतं अन् ती अजून आहे.

सरकी_ढेप

गुरुजी, तुमची सूचना आधी आमच्या बाबांनीही केली होती. अडचण अशी की ढेपीचं पोतं पेटीत ओतताना पूर्ण तोंड उघडं लागते, मधात पट्टी आली की पोतं त्यावर अडते अन् अर्धी ढेप खाली सांडते. शिवाय जोडावर फट राह्यते, अन् उंदराले बोटभर फट पुरते. पण ज्याची पेटी छोटी आहे त्यानं हेच करावं हे मलेही पटते.

आता माझी दुसरी अडचण. खालचा ब्रॅकेट बिजागरीच्या २४ सेंमी खाली म्हणजे पेटी भरली की तो ढेपीत बुडणार. दांडीवर ढेपीचा भुगा बसला तर चालते का? की बाहेरून बसवू?

वणीचा_वेल्डर

बाहेरून बसवू नको. बाहेर गाईचं शिंग लागन, पोरं लटकतीन, पान्याचा शिंतोडा येईन. गोठ्यातली हवा तशीच खारी असते, गोमूत्राच्या वाफेनं लोखंड सडते, दांडीवर गंजाचा एक ठिपका आला की दर वेळी आत जातानी सीलले (दांडीभोवतीचं गॅस अडवणारं रबर) घासते अन् मंग तेल गळाले लागते.

आतूनच बसव, पन दोन्ही बाजूले ८-१० सेंमी सोडून पातळ पत्र्याचा आडपडदा लाव, मागच्या भिंतीपासून पुढं ३५ सेंमीपर्यंत, उंची बिजागरीच्या जरा खालपासून पार बुडापर्यंत. म्हनजे स्प्रिंग आपल्या गल्लीत काम करन अन् ढेप तिकडं येणार नाही. खाली पडलेला भुगा काढाले पडद्याच्या बुडाशी एक हात जाईल एवढी जागा ठेवजो अन् तिले सरकती पट्टी लावजो, नाहीतर उंदीर तिथंच घर करन.

अन् बाजूचा पत्रा किती गेजचा आहे? १८ गेजचा असन तर त्याले सरळ बॉल ठोकू नको. २० किलोचा जोर रोज लागला की पत्रा फुगते-बसते अन् भोक लांबट होते. आतून ४० बाय ५ ची पट्टी उभी मारून वरच्या फ्रेमपासून खालच्या फ्रेमपर्यंत वेल्ड कर, मंग त्या पट्टीवर बॉल बसव. झाकनाकडे फ्रेमची पाईप आहेच, पन पातळ पाईपले आरपार भोक पाडून नट आवळला तर पाईप चेपते, म्हनून तिथंही ५ मिमीचा तुकडा वेल्ड करून त्याच्यावर.

अंगणातली_तुळस

मी हिंगणघाटजवळची. बचत गटाच्या पैशातून नाश्त्याची टपरी टाकली, तिची समोरची फळी वर उघडते, छत्रीसारखी सावली पडते. बसवून देणाऱ्यानं गॅसचे पंप उलटे लावले होते, म्हणजे बंद असताना नळी खाली अन् दांडी वर. वर्षही झालं नसन, दांडीवर तेलाचा ओलसर पट्टा दिसाले लागला अन् फळी आपोआप खाली येऊ लागली. आता मी बांबूचा टेकू लावून चालवते. यात गॅस परत भरून मिळतो का? नागपूरला इतवारीत चौकशी करावी म्हणते. अन् माझी फळी ताणकाट्यानं मोजायची कशी, ती तर बंद असताना उभी लटकते?

अकोल्याचा_चाकणात

ताई, साध्या गॅस स्प्रिंगमध्ये परत भरत नाहीत, तो सीलबंद असतो. नवीन जोडीच घ्या, अन् एकच खराब वाटला तरी दोन्ही बदला, नाहीतर जुना-नवा मिळून फळी पिळते.

दांडी खाली का, तर आतलं थोडं तेल सीलवर साचून राहायला हवं. सील ओलं राहिलं तर गॅस धरून ठेवतं. दांडी वर असली की तेल तळाशी जातं अन् सील कोरडं पडतं. फळी रात्रभर बंद असते, म्हणून बंद असतानाची स्थिती धरा, त्यात दांडी खालच्या बाजूला तिरपी तरी असावी. आडवी शक्यतो नको.

मोजायचं असं, फळी टेबलासारखी आडवी करून धरायची अन् पुढच्या काठाला काटा लावायचा. दोन माणसं घ्या. तुमचं अन् सरकी_ढेप भाऊंचं गणित उलटं आहे. त्यांचं झाकण बंद असताना सगळ्यात जड. तुमची फळी बंद असताना बिजागरीवर नुसती लटकते, तेव्हा जोर लागतच नाही, सगळ्यात जास्त जोर ती आडवी झाल्यावर लागतो. म्हणून तुमच्याकडे बंद असताना स्प्रिंगची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून, थोडी आतल्या बाजूनं जाऊ द्या. मग तोच स्प्रिंग फळीला बंदच धरून ठेवतो, वाऱ्यानं आपटत नाही. थोडी वर उचलली की रेषा बिजागरी ओलांडते अन् मग तो वर ढकलायला लागतो.

अन् टेकू काढू नका. नवीन जोडी लावली तरी ग्राहक फळीखाली उभे असतात, टेकू राहू द्या.

चांद्याचं_ऊन

ताई, वावधनाचं लक्षात ठेवा. मे-जूनच्या वादळात उघडी फळी म्हणजे शिडच होते, वारा खालून शिरला की स्प्रिंग ताणून बॉल उपटते. वादळ दिसलं की फळी खाली घ्या, अन् दोन्ही बाजूंना साखळी लावा म्हणजे स्प्रिंग पूर्ण ताणला जायच्या आधी साखळी भार घेते.

सरकी_ढेप

सगळ्यांचे आभार, लय शिकाले मिळालं. स्प्रिंगची चौकशी केली. २०० न्यूटनचा मिळून रायला, उघडी लांबी ४७.५ अन् स्ट्रोक (दांडी आत-बाहेर होते तेवढं अंतर) २०.५ सेंमी, दोन्ही टोकाले बॉल सॉकेट. घेऊ का? अन् बसवायचा क्रम सांगा, वेल्डर आमच्या गावचा आहे, हात चांगला आहे पण हे काम त्यानं केलेलं नाही.

अकोल्याचा_चाकणात

४७.५ वजा २०.५ म्हणजे पूर्ण दाबल्यावर २७. तुमचं बंद अंतर २८.३. सव्वा सेंमी शिल्लक राहतं, उत्तम. हे शिल्लक राहायलाच पाहिजे, झाकण पेटीच्या काठावर टेकलं पाहिजे, स्प्रिंगच्या बुडावर नाही. समजा उघडी ४८.५ अन् स्ट्रोक २० चा मिळाला असता तर बंद लांबी २८.५ झाली असती अन् झाकण पुढच्या काठाला सहा-सात मिमी उघडंच राहिलं असतं, जोर करून दाबलं की दांडी वाकली असती. लांबी ४७.५ असल्यानं झाकण ८० ऐवजी ७५ अंशापर्यंत जाईल. तेवढं पुरतं, भिंतीलाही आपटणार नाही. तरी मागून एक साखळी मारा, म्हणजे कोणी झाकण मागं रेटलं तर तो भार दांडीवर जाणार नाही.

घ्या. बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतच मोजलंय ना एवढं फक्त टेप लावून बघा, काही दुकानदार नळीच्या टोकापासून सांगतात.

वणीचा_वेल्डर

क्रम सांगतो. पयले बिजागऱ्या पाय. दोनच असतीन तर तिसरी मधात टाक, बुलेट बिजागरीच (वेल्ड कराची गोल नळीची) वापर. आतापर्यंत बिजागरीवर निसतं वजन होतं, आता दोन स्प्रिंग रोज तिले पुढं अन् वर रेटतीन. ढिली बिजागरी असली तर झाकन पुढं सरकन अन् तुह्या कडीचं भोक जुळनार नाही.

मंग पेटीच्या बाजूवर खडूनं खुना कर. पुठ्ठा कापून झाकनाची एक बाजू बनव, बिजागरीच्या जागी खिळा ठोकून फिरवून पाय, दोन्ही खुनाइतलं अंतर टेपनं मोज. २८ अन् ४७ च्या आसपास आलं म्हनजे जुळलं. हे एका बाजूले झालं की दुसऱ्या बाजूच्या खुना बिजागरीपासूनच मोजून घे, जमिनीपासून नको, पडवीची जमीन उताराची असते.

ब्रॅकेट पयले टाकेच मार. झाकन वर करून बल्लीचा मजबूत टेकू दे, एक मानूस धरून उभा ठेव. स्प्रिंग पूर्न उघडा असतानीच बसते, दाबून बसवाची गरज नाही. दांडी खाली, पेटीकडे. नळी वर, झाकनाकडे. सॉकेटची तारेची क्लिप जरा उचकटून बॉलवर दाबली की टक् करून बसते. मंग समोरून पाय, दोन्ही बॉल एकाच उभ्या रेषेत पायजे, स्प्रिंग आतल्या-बाहेरच्या बाजूले तिरपा दिसला तर ब्रॅकेट सरकव. तिरपा राह्यला की दांडी सीलवर एका बाजूनं घासते, असा स्प्रिंग टिकत नाही.

झाकन हळूहळू बंद करून पाय, कुठं अडते का. सगळं बरोबर वाटलं की दोन्ही स्प्रिंग काढून घे अन् मंगच पक्कं वेल्डिंग कर. हे तुह्या वेल्डरले दोनदा सांग. वेल्डिंगची एक ठिणगी दांडीवर बसली की तिथं पुळी येते, थे पुळी सीलले फाडते. अर्थिंगही स्प्रिंगमधून जाऊ देऊ नको. रंग मारतानीही स्प्रिंग काढलेलेच ठेव, दांडीवर रंगाचा थेंब नको, ग्रीस नको, ऑइल नको. मधात मधात कोरड्या फडक्यानं पुसलं तरी बस.

पऱ्हाटी

वेल्डर भाऊ, आमच्या गावात कोनी एवढं फोड करून सांगत नाही. धन्यवाद.

सरकी_ढेप

काम झालं मंडळी. तिसरी बिजागरी टाकली, आडपडदे मारले, बॉल ४० बाय ५ च्या पट्टीवर. आमच्या वेल्डरले स्प्रिंग काढून वेल्डिंग कर म्हटलं तर आधी कटकट केली, पण केलं. कडी काढली की झाकण चार बोटं आपोआप उठते, मग एका बोटानं वर जाते. मायनं पयल्यांदा उघडलं तेव्हा सवयीनं डोकं खाली घातलं होतं, झाकण वरच राह्यलं तर दोन्ही हातानं टोपलं भरून घेतलं. बंद करताना काठावर तळहात ठेवून दाबते, ताणकाटा उलटा लावता येत नाही म्हणून नक्की किलो सांगता येत नाही पण तिले जड जात नाही. मधात सोडलं तर तिथंच थांबते, दादांनी सांगितलं तसंच.

एक विचारायचं राह्यलं. कडी काढल्यावर झाकण उठते, तर वानर कडी उघडाले शिकलं तर त्याचं काम सोपंच झालं. साधी कडी ठेवू की काही वेगळं?

वणीचा_वेल्डर

कडीत एस आकाराचा हूक नाहीतर स्प्रिंगवाली कॅराबिनर कडी अडकव. मायले एका हातानं उघडता येते, वानराले जमत नाही. कुलूप लावू नको, रोज किल्ली शोधत बसन.

अकोल्याचा_चाकणात

छान झालं. टेकूचा एक लोखंडी रॉड पेटीच्या आत बाजूला टांगून ठेवाच. पेटी धुवायला कोणी आत वाकणार असेल तेव्हा तो लावायचा. कारण एक स्प्रिंग गेला तर उरलेला एकटा झाकण वर धरू शकणार नाही. अन् उघडल्यावर झाकण आधीपेक्षा खाली येऊन थांबतंय असं वाटलं, किंवा दांडी तेलकट दिसली, तर जोडी बदलायची वेळ आली समजा.

नवखा_आर्णी

उशिरा आलो. माझ्याकडे प्लायची पेटी आहे, काटा ५ किलो दाखवते अन् बिजागरीपासून ६० सेंमी. हेच माप अन् हीच २०० ची जोडी बसवली तर?

अकोल्याचा_चाकणात

२०० ची नको. ५ गुणिले ६० म्हणजे ३००. वरच्या पेटीला ८४० ला २०० लागले, तर त्याच जागी ३०० ला ७० च्या आसपास लागतील, ८० ची जोडी घ्या. ब्रॅकेटच्या जागा तशाच ठेवता येतील, पण झाकण ६० सेंमीचं अन् पेटी किती खोल ते सांगा, खालचा ब्रॅकेट २४ सेंमीवर बसतो का ते बघायला लागेल. अन् प्लायला स्क्रू मारू नका, आरपार बोल्ट, मागून मोठा वॉशर.